सण म्हणजे सवड

आपल्या शेतकरी घरांत वर्षभर जे शब्द सतत कानांवर पडतात, त्यांत ‘सण’ हा एक आहे. सण तोंडावर आला, सणाला लेक आणायची आहे, सणापुरते तरी गहू ठेवा, सणासुदीला भांडू नका, असे आपण नेहमी बोलतो. पण सण या शब्दाचा अर्थ काय, असे कुणी अचानक विचारले तर आपण थोडे गोंधळतो. लहान मुले सांगतात, सण म्हणजे पुरणपोळी. तरुण म्हणतात, सण म्हणजे नवे कपडे, ढोलताशे आणि जल्लोष. आणि घरचा कारभार पाहणारा कर्ता माणूस सुस्कारा टाकून म्हणतो, सण म्हणजे खर्च!

शब्दाचा मूळ अर्थ मात्र याहून निराळा आहे आणि तो आपल्या शेतीच्या कामाशी फार जवळचा आहे. शेतीखात्यातल्या माणसाने शब्दांच्या वाटेला कशाला जावे, असे कुणाला वाटेल. परंतु बियाणे घेताना आपण त्याचे मूळ विचारतो, बैल घेताना त्याची पैदास विचारतो. तसेच शब्दाचेही मूळ कधीमधी विचारावे. त्यातून घराला उपयोगी पडेल असे काही हाती लागते.

शब्दाचे कूळ

‘सण’ हा शब्द संस्कृतातल्या ‘क्षण’ या शब्दापासून आला आहे. संस्कृतातला ‘क्ष’ प्राकृत भाषांत येताना कुठे ‘ख’ झाला, तर कुठे ‘छ’ झाला. ‘क्षण’ याचे प्राकृतात ‘छण’ झाले आणि त्याचा अर्थ उत्सव असा होता. पुढे मराठीत त्या ‘छ’चा ‘स’ झाला आणि आपला ‘सण’ तयार झाला.

या वाटेने आलेला हा एकटाच शब्द नव्हे. ‘क्षेत्र’ याच वाटेने आले आणि त्याचे ‘शेत’ झाले. ‘इक्षु’ होता, त्याचा ‘ऊस’ झाला. ‘मक्षिका’ होती, तिची ‘माशी’ झाली. ‘कुक्षी’ची ‘कूस’ झाली. म्हणजे शेत, ऊस आणि सण हे शब्द एकाच वाटेने आपल्या घरी आलेले सोबती आहेत.

आता ‘क्षण’ म्हणजे काय? आज आपण घटकाभर, पळभर अशा अर्थाने तो शब्द वापरतो. पण अमरकोश हा जो संस्कृतचा जुना, प्रसिद्ध शब्दकोश आहे, त्यात क्षण या शब्दाचे तीन अर्थ दिले आहेत. एक, काळाचे लहानसे माप. दोन, उत्सव. आणि तीन, हाती काम नसण्याची स्थिती, म्हणजे आपल्या भाषेत सवड, उसंत, फुरसत. पहिला अर्थ आपण ‘क्षण’ या शब्दात ठेवला. दुसरा ‘सण’ या शब्दात ठेवला. तिसरा अर्थ मात्र आपल्या विस्मरणात गेला. खरे पाहता उत्सवाचा अर्थ त्या तिसऱ्या अर्थाला लागूनच उभा आहे. कामातून सवड मिळाली, तरच उत्सव करता येतो.

आपण नुसता ‘सण करणे’ असेही म्हणतो आणि ‘सण साजरा करणे’ असेही म्हणतो. यातला ‘साजरा’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. ‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. त्या म्हणीत साजरे म्हणजे सुंदर, देखणे. वऱ्हाडात आजही चांगल्या वस्तूला साजरी म्हणतात. तेव्हा ‘सण साजरा करणे’ याचा मुळातून अर्थ लावायचा तर तो असा होतो : मिळालेली सवड सुंदर करणे. या दोन्ही शब्दांत पैसा कुठेही नाही, आवाजही नाही. सवड आहे आणि तिला देखणे रूप देणे आहे.

हा शब्द कुणा एका धर्माचाही नाही. गावात दिवाळीचा सण असतो तसाच ईदचा सण असतो, नाताळचाही सण असतो. उत्सव, जत्रा, उरूस, सोहळा हे शब्द बहुधा देवळाचे, दर्ग्याचे किंवा साऱ्या गावाचे. सण मात्र घराचा. तो उंबऱ्याच्या आत सुरू होतो. म्हणून सणाचा विचार करताना घरातल्या एकेका माणसाचा विचार करावा लागतो. तो पुढे करूच. त्याआधी ही सवड शेतीच्या वर्षात कुठे कुठे येते ते पाहू.

कामांच्या मधल्या जागा

पंचांग समोर ठेवा आणि शेजारी शेतीच्या कामांचा तक्ता ठेवा. बरेचसे मोठे सण दोन कामांच्या मधल्या मोकळ्या जागेत बसवलेले दिसतील.

फाल्गुनात रब्बीची काढणी आणि खळी चालू असतात. ती उरकत आली की होळी आणि पाठोपाठ गुढीपाडवा येतो. वैशाखात शेते मोकळी असतात, ऊन मी म्हणत असते. त्या वेळी अक्षय्य तृतीया येते. खानदेशात तिला आखाजी म्हणतात. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात आणि झाडांना झोके बांधले जातात. एकदा मृग लागला, पेरणीची धांदल उडाली, की त्या धांदलीत घरादाराला थांबवून धरणारा मोठा सण फारसा नाही. पेरणी करायची की पुरण घालायचे, हा पेच आपल्या पूर्वजांनी आपल्यापुढे सहसा ठेवलेला नाही.

पेरणी उरकली की आषाढात कोल्हापूर, सांगली, सातारा भागात बेंदूर येतो. श्रावणात नागपंचमी येते. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात श्रावण अमावास्येला पोळा होतो. तोवर डवरणी-कोळपणी संपत आलेली असते आणि पिकाने जमीन झाकलेली असते. औताला आत शिरायला जागा उरत नाही, म्हणून बैल मोकळे असतात. काही भागांत हाच पोळा भाद्रपद अमावास्येला करतात. ‘आला पोळा, पाऊस झाला भोळा’ ही म्हण पावसाचा जोर ओसरण्याची खूण सांगते.

कोकणात आणि गोव्यात भाताची लावणी आटोपलेली असते आणि कापणीला अवकाश असतो. त्या मधल्या काळात गणपती येतात, गोव्यात ज्याला चवथ म्हणतात. मुंबईचे चाकरमानी गावी येतात ते याच वेळी. घाटावर मूग-उडीद घरात येत असतात, तेव्हा गौरी जेवतात. नवरात्रात घटाभोवती शेतातली माती घालून त्यात धान्य पेरतो, तेव्हा रब्बीच्या पेरणीचे दिवस सुरू असतात. खरिपाचा माल घरात येतो आणि दिवाळी येते.

मार्गशीर्ष अमावास्येला लातूर, धाराशिव आणि सोलापूरच्या काही भागांत वेळ अमावास्या होते. तिकडचे लोक तिला येळवस म्हणतात. शेजारच्या कर्नाटकात या दिवसाला एळ्ळमावास्या असे नाव आहे आणि कन्नडमध्ये एळ्ळु म्हणजे तीळ. त्या दिवशी गाव ओस पडते, कारण सारे गाव शेतात असते. ज्वारी निसवलेली असते, हरभरा घाट्यावर असतो. कडब्याची खोप करून पूजा होते. मग भज्जी, उंडे, आंबील यांचे जेवण होते. वाटेने जाणारा अनोळखी माणूसही जेवल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही. त्यानंतर भोगी आणि संक्रांत, म्हणजे हुरड्याचे दिवस.

हे सण मोसमाशी इतके जुळलेले कसे राहिले, याचे उत्तर अधिक महिन्यात आहे. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते. सौर वर्षापेक्षा ते सुमारे ११ दिवसांनी कमी पडते. ही तूट भरून काढण्यासाठी साधारण दोन वर्षे आठ महिन्यांनी एक जादा महिना घालतात. ‘दुष्काळात तेरावा महिना’ म्हणून आपण त्याला नावे ठेवतो, पण हा तेरावा महिना नसता तर काही वर्षांत पोळा भर पेरणीत येऊन पडला असता. सण पुढेमागे होतात, पण फार तर महिनाभराने. २०२२ साली पोळा ऑगस्टच्या अखेरीस होता. २०२३ साली अधिक श्रावण आल्यामुळे तो सप्टेंबरच्या मध्यावर गेला.

थोडक्यात, शेतीची कामे ज्या काळात ढिली पडतात त्या काळावर आपल्या वाडवडिलांनी सणाचे नाव लिहून ठेवले. नाव लिहिले नसते तर ती सवडही कुठल्या ना कुठल्या कामाने खाल्ली असती. शेतीत काम कधीच संपत नाही, हे आपल्याला माहीत आहेच.

सवड कोणाकोणाला?

आता घरातल्या एकेकाचा विचार करू. पहिला मान बैलाचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. बैलाच्या मानेला आणि खांद्याला तूप-हळद किंवा लोणी चोळतात आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. हा नुसता उपचार नव्हे. खरिपाच्या कामात जू घासून खांद्याला सूज आली आहे का, जखम झाली आहे का, हे त्या चोळण्यात हाताला कळते. उंचीने कमीजास्त असलेली जोडी असेल तर खांदेसूज हमखास दिसते. हात लावताच बैल अंग काढून घेऊ लागला तर पोळा झाल्यावरही त्याला जुंपू नका, पशुवैद्यांना दाखवा.

पोळ्याच्या दिवशी बैलाला ढीगभर पुरणपोळ्या, भिजवलेले धान्य आणि पिठाचे गोळे चारण्याची हौस आवरावी. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाला एकदम एवढे पीठ आणि गूळ सोसत नाही. पोटात आम्लता वाढते, पोट फुगते, कधी जनावर दगावते. नैवेद्यापुरती पोळी द्यावी आणि पोटभर हिरवा-वाळला चारा द्यावा. शिंगांना तैलरंग लावण्यापेक्षा गेरू बरा. बैलाला सणाला हवी असते ती मोकळी मान, स्वच्छ पाणी आणि सावली.

आज अनेक घरांतून बैल गेले आणि ट्रॅक्टर आला. तिथे मातीच्या बैलांची पूजा होते. त्यात वावगे काही नाही. पण जुन्या काळी बैल थांबला की त्याच्यामागचा माणूसही आपोआप थांबत असे. ट्रॅक्टरला दम लागत नाही, म्हणून त्याच्यावरच्या माणसाला थांबवण्याची आठवण आता आपल्यालाच ठेवावी लागते.

दुसरा मान जमिनीचा. नागपंचमीला नांगर-कुळव धरत नाहीत, खणत नाहीत. अमावास्येला औत न जुंपण्याची रीतही पुष्कळ गावांत आहे. जमिनीलाही सवड असावी, ही भावना त्यामागे आहे.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. मराठीत ‘सण’ नावाचा दुसराही एक शब्द आहे. तो संस्कृतातल्या ‘शण’पासून आला. सण म्हणजे ताग, ज्याला काही भागांत बोरू म्हणतात. उत्सवाच्या सणाशी त्याचे नाते नाही. तसेच सालाचा आकडा सांगताना आपण ‘सन’ म्हणतो तो अरबीतून आलेला, तोही निराळा. पण तागाचा सण जमिनीच्या मात्र फार कामाचा आहे. एकरी २० ते २५ किलो बी पेरावे आणि साधारण ४५ ते ५० दिवसांनी, पीक फुलोऱ्यावर येत असताना गाडून टाकावे. जमिनीला सेंद्रिय खत मिळते, नत्र मिळते आणि तिचा पोत सुधारतो. पिकामागे पीक घेऊन दमलेल्या रानाला दोन-तीन वर्षांतून एकदा असा सण द्यायला हरकत नाही.

तिसरा मान राबणाऱ्या माणसांचा. सालगड्याचे साल अनेक भागांत गुढीपाडव्याला बदलते, काही भागांत अक्षय्य तृतीयेला. ‘पोळ्याला धोतरजोडी, दिवाळीला कपडे’ असे करार आपल्याकडे तोंडी होत आले. पण कपड्यांइतकाच मोलाचा असतो तो त्या दिवशीचा रिकामा वेळ. मालकाच्या घरी सण आणि गड्याला गोठ्याची सुट्टी नाही, असे असेल तर त्याच्या घरी सण झाला असे म्हणता येणार नाही. आणि ऊसतोड कामगारांकडे पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास ही कुटुंबे बिऱ्हाड गाडीवर टाकून कारखान्यांच्या भागात जातात. त्यांची संक्रांत आपल्या फडाच्या कडेला, कोपीत होते. ज्यांच्या शेतात टोळी उतरली असेल त्यांनी त्या दिवशी तिळगूळ, चार भाज्या आणि दूध पोचवावे. मुलांना तेवढ्याने सण कळतो. तोड थांबवणे आपल्या हातात नसते, पण एवढे आपल्या हातात आहे.

घरच्या लक्ष्मीचा हिशेब

शेवटचा मान, जो खरे तर पहिला असायला हवा, तो घरातल्या बाईचा.

शेतीशाळेच्या निमित्ताने मराठवाड्यातल्या एका गावात महिलांची बैठक होती. पोळा होऊन चार दिवस झाले होते. फळ्यावर मी दोन रकाने आखले. एकात पोळ्याच्या दिवसाचे बैलाचे वेळापत्रक, दुसऱ्यात बाईचे. बैलाचे चटकन झाले : सकाळी धुणे, दुपारी आराम, संध्याकाळी मिरवणूक, पूजा, जेवण. बाईच्या रकान्यात मात्र लिहायला जागा पुरेना. पहाटे चारला उठणे, सारवण, पाणी, डाळ शिजवणे, पुरण वाटणे, नैवेद्य, पाहुण्यांच्या तीन पंगती, भांडी, संध्याकाळी पुन्हा चूल आणि सर्वांत शेवटी स्वतःचे ताट. मागे बसलेल्या एक वयस्कर बाई म्हणाल्या, “साहेब, बैलाला तरी वर्षातून एक दिवस खांदा मोकळा मिळतो. आमचं जू सणाला दुप्पट जड होतं.” सगळ्याजणी हसल्या, पण बोलणे खरे होते.

ज्यांनी हे सण बसवले, त्यांना बाईच्या सवडीची जाणीव होती असे दिसते. नागपंचमीला चिरायचे नाही, कापायचे नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. म्हणून त्या दिवशी दिंडांसारखे उकडलेले पदार्थ करतात आणि बायका झोका खेळायला मोकळ्या होतात. श्रावणातल्या शिळासप्तमीला तर चूलच पेटवायची नाही, आदल्या दिवशीचे जेवायचे. आखाजीचे झोके, नवरात्राच्या दिवसांतला हादगा-भोंडला, विदर्भ-खानदेशातली भुलाबाई ही सारी बायका-मुलींच्या सवडीची ठिकाणे. गौर ही तर माहेरवाशीणच. येते, जेवते, विसावते आणि तिसऱ्या दिवशी जाते. देवीलाही माहेरची विश्रांती लागते असे आपणच मानतो. मग तिच्यासाठी सोळा भाज्या करणाऱ्या सुनेला विश्रांती लागते, हे मानायला अडचण कसली?

या प्रथा टिकल्या त्या बहुधा नावापुरत्या. तवा ठेवायचा नाही हे पाळले, पण कढई चढली. आदल्या दिवशीचे जेवायचे म्हणून आदल्या रात्री बाई बारापर्यंत जागली. नियमाचे टरफल राहिले आणि आतला दाणा, म्हणजे सवड, हरवली.

ऋण आणि सण

सणाच्या खर्चाबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. ‘ऋण काढून सण’ हा वाक्प्रचार शेतकऱ्याला नेहमीच ऐकवला जातो. जणू काही शेतकरी कर्जात बुडतो तो पुरणपोळीपायी! हे बरोबर नाही आणि याला जुना पुरावा आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो पुणे व तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात पसरला. त्याची चौकशी करायला इंग्रज सरकारने आयोग नेमला. त्या आयोगाने आपल्या अहवालात नमूद केले की, लग्नकार्य आणि सणसमारंभ यांच्या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे. पोटाला धान्य, बियाणे, बैल आणि सरकारी सारा यांसाठी पुन्हा पुन्हा काढावी लागणारी लहान लहान कर्जेच अधिक साचत जातात. आज सारा जाऊन खते, औषधे, मजुरी, दवाखाना आणि मुलांची शिक्षणे आली, एवढाच फरक. म्हणून सण केला याबद्दल शेतकऱ्याने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही.

तरीही एक सावधगिरी हवी. जो पैसा पिकात घालायचा, तो सणात जाऊ देऊ नये. दिवाळीचा मोसम म्हणजेच हरभऱ्याच्या आणि गव्हाच्या पेरणीचा मोसम. दुकानातल्या हप्त्याच्या वस्तू, मुलांचा फटाक्यांचा हट्ट आणि जावयाचा दिवाळसण हे सारे नेमके बियाणे आणि खत घ्यायच्या आठवड्यात येते. दिवाळसण या शब्दातही ‘सण’ आहेच. लेक-जावई आले, चार दिवस राहिले, तर सवड साजरी झाली. अंगठी आणि मोटारसायकल त्यात मागाहून घुसली. लेकीच्या माहेरची जमीन गहाण पडून जो दिवाळसण होतो, त्यात लेकीला काय सुख लागणार?

आणखी एक नवा खर्च आला आहे, आवाजाचा. हल्ली सण म्हटला की वर्गणी, फलक आणि छातीत धडकी भरवणारे भोंगे. जल्लोष वाईट नाही, तरुण रक्ताला तो हवाच. पण गावात आजारी माणूस असतो, तान्हे मूल असते, गोठ्यात गाभण जनावर असते. ज्या दिवसाने त्यांची झोप मोडली, त्याने त्यांची सवड काढून घेतली.

एवढे करता येईल

उपदेश पुष्कळ झाला. आता करता येण्यासारख्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, सणाची पुंजी सुगीतच बाजूला काढा. घरची तूर, हरभरा, भुईमूग, गहू सगळाच बाजारात नेऊ नका. वर्षाच्या सणांना लागणारी डाळ, तेल आणि गहू मोजून कोठीत ठेवा. विकत घ्यायच्या वस्तूंसाठी माल विकला त्याच आठवड्यात थोडी रक्कम निराळ्या खात्यात किंवा बचत गटात टाका. बियाणे, खत आणि पीककर्जाची फेड यांच्या पैशाला सणासाठी हात लावायचा नाही, असे घरात सर्वांच्या संमतीने ठरवा.

दुसरी गोष्ट, सणाची कामे आदल्या दिवशी वाटून घ्या. पाणी भरणे, जळण फोडणे, डाळ निवडणे, पंगत वाढणे, भांडी विसळणे यांत पुरुषांना न येण्यासारखे काही नाही. शेतात पुरणपोळीपेक्षा अवघड कामे आपण रोज करतो. येळवसेच्या दिवशी पुरुष खोप बांधतात, ओझी वाहतात, वाढतात. तोच रिवाज घरच्या सणालाही लावावा.

तिसरी गोष्ट, पदार्थ कमी करा. एक गोड, एक तिखट, भात-वरण. पाच पदार्थांनी पाहुण्याचा मान वाढत नाही. करणारी बाई त्याच पंगतीला बसली, तर मात्र वाढतो.

चौथी गोष्ट, सणाच्या दिवशी घटकाभर सारे घर मिळून शेताच्या बांधावर जा. काम करायला नव्हे, नुसते पाहायला. म्हाताऱ्यांना हात धरून न्या, मुलांना न्या. आपण वर्षभर शेतात असतो, पण मान वर करून शेत पाहायला आपल्याला वेळ नसतो. कोणते झाड कधी लावले, विहिरीला पाणी कसे लागले, हे मुलांना त्या वेळी सांगा. त्याला पैसा लागत नाही.

सणांची यादी पंचांगात छापलेली आहेच, ती बदलण्याची गरज नाही. येत्या सणाला किती डाळ शिजवायची हे ठरवाल, तेव्हा घरातला कोण किती वेळ टेकणार हेही त्याच वेळी ठरवा. बैल, गडी, आई, सून, सर्वांची नावे त्यात येऊ द्या. ज्याचे नाव राहून गेले, त्याच्यापुरता तो सण झालाच नाही, असे समजावे.